एक ते चारचं कॉलेज

घारपुरे सरांना कुणी “कसे आहात?” विचारलं, तर ते कॉलेजची तब्येत सांगतात. “जिन्याखाली ओल आली आहे. बाकी ठणठणीत.” पहिल्यांदा भेटणारा माणूस गोंधळून त्यांच्या गुडघ्यांकडे बघतो.

मी त्याच कॉलेजात अकाउंट्स शिकवतो, त्यामुळे सरांशी रोजची गाठ. ते इतिहासाचे. पण शिवकाल, पेशवाई असले किरकोळ विषय ते दिवाळीच्या आत उरकतात आणि मग वर्षभर कॉलेजचा इतिहास सांगतात. त्यांचं एक वाक्य ठरलेलं आहे, “संस्थेच्या इतिहासात असं घडलेलं नाही.” पंखा पडला, चहा गोड झाला, मी वेळेवर आलो, या तिन्ही प्रसंगी मी ते ऐकलेलं आहे.

इतिहास मात्र आहे. मंडईजवळ कांद्याच्या वखारीत हे कॉलेज सुरू झालं. सार्वजनिक कॉलेज, शिकायचं राहून गेलेल्या कुणीही यावं, वय विचारायचं नाही, फी नावाला. “पहिली तुकडी डोळे पुसत शिकली,” सर सांगतात, “भावनेनं नव्हे, कांद्यानं.” वर्ग दुपारी एक ते चार, कारण त्या वेळात पुण्यातली दुकानं बंद, म्हणजे मालक आणि नोकर दोघेही मोकळे. ज्या तीन तासांवरून बाहेरगावचे लोक आम्हाला हसतात, त्याच तीन तासांत इथे माणसं बी.ए. होत होती. पुढे वखारीची इमारत झाली, संगणक आले, शनिवार-रविवारी हडपसरहून आयटीतली मुलंही यायला लागली. सरांनी प्रत्येक सुधारणेला आधी कडाडून विरोध केला आणि नंतर तिचाही इतिहास अभिमानाने सांगितला.

घात केला तो दुकानांनी. ती दुपारी उघडी राहू लागली आणि एक ते चारचा वर्ग ओसरला. नव्या प्राचार्य मॅडमनी स्पष्ट सांगितलं, यंदा दहा प्रवेश झाले नाहीत तर वर्ग बंद. सर निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. ते या एका वर्गापुरतेच येत, म्हणजे वर्गाबरोबर तेही जाणार.

सर छत्री घेऊन बाजारात निघाले, आणि मी त्यांच्या मागे.

“दुकान दुपारी उघडं का?” त्यांनी एका कापडवाल्याला विचारलं.

“गिऱ्हाईक येतं, सर.”

“तुम्ही सवय लावलीत. पूर्वी गिऱ्हाईक चारनंतर यायचं, आणि लवकर आलं तर माफी मागायचं.”

इतक्या प्रचारानंतर एकही दुकान बंद झालं नाही. तरीही आठवड्यात वर्ग भरला. मॅडम खूश झाल्या, पण दोनच दिवस. मग त्यांनी सरांना बोलावलं. मी तिथेच होतो.

“सर, हे सगळे आपल्याच कॉलेजातून बी.ए. झालेले आहेत.”

“म्हणजे पाया पक्का आहे.”

“इतिहासातच झालेत.”

“म्हणून तर निकालाची काळजी नाही.”

मॅडम हसल्या नाहीत. उद्या वर्गात येऊन बघते आणि ठरवते, म्हणाल्या.

मी खाली आलो. मसाल्याच्या दुकानाचे पायगुडेकाका या नव्या जुन्या विद्यार्थ्यांपैकी एक. त्यांना विचारलं, “काका, पुन्हा बी.ए. कशाला?”

“मला काय करायचाय इतिहास? अहो, वहिनी गेल्यापासून सर घरी एकटे. दुपारचे जेवतसुद्धा नाहीत. इथे आमच्या डब्यातले चार घास खातात. वर्ग गेला तर माणूस खचेल. त्यांना बोलू नका.”

मी बरं म्हणालो. स्टाफरूममध्ये गेलो, तर सरांनीच विषय काढला.

“लेले, मला वर्गाचं काही नाही हो. पण या लोकांना मुलांनी गल्ल्यावरून उठवलंय. दुपारी घरात सुनेला अडचण होते. जाणार कुठे बिचारे? त्यांना कळू देऊ नका, लाजतील.”

दोघांनाही मी शब्द दिला. मॅडमना मात्र सगळं सांगून टाकलं.

दुसऱ्या दिवशी त्या आल्या तेव्हा डबे नुकतेच उघडले होते आणि सर घास हातात धरूनच कांद्याच्या वखारीबद्दल बोलत होते. मागे एक आजोबा बाकावर डोकं टेकून झोपले होते. बोलता बोलता सरांनी त्यांच्या तोंडावर ऊन येत होतं ती खिडकी लोटून घेतली. मॅडम शेवटच्या बाकावर बसल्या.

“मॅडम, जेवलात का?” पायगुडेकाकांनी डबा पुढे सरकवला.

त्या नाही म्हणाल्या, आणि मग जेवल्या. हात धुऊन आल्यावर त्यांनी विचारलं, “सर, यांची परीक्षा कधी घ्यायची?”

 सर वर्गाकडे बघून म्हणाले, “इतक्यात नको. अभ्यास फार कच्चा आहे.”