बनुबाईंची अक्कलदाढ

माणसाने जन्मभर काय खाल्ले याची नोंद कोणतेही सरकार ठेवत नाही. ती त्याचे दात ठेवतात, आणि तीही विनावेतन.

शिराळ्याजवळ नदीच्या गाळात एका फार जुन्या माणसाची दाढ सापडली, तेव्हा संशोधन संस्थेच्या लोकांनी गावाला हेच समजावून सांगितले. खाल्लेल्या अन्नाच्या रासायनिक खुणा दातात उतरतात. त्या मोजल्या की लाखो वर्षांपूर्वीच्या जेवणात काय होते ते कळते. पहिल्या तपासणीत या माणसाने गवतवर्गातले बरेच खाल्ल्याचे दिसले. ऊस गवतवर्गातलाच असल्याने एका साखर कारखान्याने 'आदिमानव, आमचा पहिला सभासद' असा फलक लावला. भुसार व्यापारी अण्णाप्पांनी त्याला शाकाहारी ठरवून पेढे वाटले. दुसऱ्या तपासणीत मांसाच्या खुणा निघाल्या, पण तोवर पेढे खाऊन झाले होते.

तुलनेसाठी संस्थेला याच माती-पाण्यावर जगलेल्या आजच्या माणसांचे दात हवे होते. गावाने एकेचाळीस दात जमा केले. (पैकी सहा शेळीचे निघाले. शिवाय एक अख्खी कवळी आली होती. ती आभारपत्रासह परत करण्यात आली.)

फौजेतून निवृत्त झालेले हवालदार नाथाजी यांनी पत्नीची, बनुबाईंची, अक्कलदाढ दिली. बनुबाई जाऊन आठ महिने झाले होते. डॉक्टरने काढलेली ती दाढ मिश्रीच्या डबीत होती आणि आठ महिने ती डबी नाथाजींच्या खिशात. "माझ्या घरात तिला कशाची कमी नव्हती," असे ते सगळ्यांना सांगत. कोणी विचारत नसे, तरी सांगत.

दाढेसोबत आहाराचा फॉर्म भरायचा होता. नाथाजींनी तो फौजी शिस्तीत भरला. सकाळी दूध, दुपारी भाकरी-भाजी, दर रविवारी मटण. कालावधी: लग्नापासून अखेरपर्यंत. खाली सही आणि माजी सैनिक संघटनेचा शिक्का. (शिक्का मागितलेला नव्हता.)

तीन महिन्यांनी संस्थेच्या ब्राह्मी मॅडम घरी आल्या. अक्कलदाढेचा वरचा भाग पंधरा-सोळाव्या वर्षापर्यंत तयार होतो आणि मूळ पुढे काही वर्षे वाढत राहते. बनुबाईंचे लग्न सोळाव्या वर्षी झाले. त्यामुळे एकाच दाढेत वर माहेर आणि खाली सासर, अशी सरकारी कागदालाही साधत नाही इतकी चोख विभागणी झाली होती. माहेरच्या भागात दूध होते, मांस होते. सासरच्या भागात जवळजवळ नुसती ज्वारी होती.

"काका, फॉर्म भरताना काही चूक झाली असेल का?"

"तुमचं मशीन बघा आदी! मी फौजंत असलो तरी बाप माझा दर ऐतवारी मटण आणायचा."

सून क्रांती चहा घेऊन आली होती. "आणायचं व्हय मामा. पण आत्याच सांगायच्या, बाया जेवायच्या सगळ्यांच्या मागनं. तवर पातेल्यात काय ऱ्हायचं? रस्सा. त्यातच भाकरी कुस्करायच्या."

"ते तवा गं. मी रिटायर होऊन आल्यावर?"

"आल्यावर जेवणारं एक माणूस वाढलं."

नाथाजींनी मॅडमना विचारले, पुढचं दाढेत दिसतं का? मॅडम म्हणाल्या, नाही. मूळ वाढायचे थांबले की नोंदही थांबते. शेवटच्या चाळीस वर्षांचा काही पुरावा नाही. नाथाजींना बरे वाटले. मग बरे वाटले याचेच वाईट वाटले.

त्यांनी फॉर्म परत मागून घेतला. दूध खोडले, मटण खोडले. खाली 'आवडता पदार्थ' असा रकाना होता, तिथे पूर्वी त्यांनी स्वतःच्या आवडीची वांग्याची भाजी लिहिली होती. तीही खोडली.

"क्रांती, तिला काय आवडायचं गं?"

"कुणी इचारलंच न्हाई, मामा."

रकाना कोराच गेला. संस्थेने नंतर एक परिपत्रक काढले: यापुढे बाईच्या आहाराची माहिती घरातल्या पुरुषाकडून घेऊ नये. आदिमानवाबाबत अशी अडचण आलेली नाही. त्याच्या घरचे कोणी हयात नसल्याने त्याची माहिती विश्वसनीय आहे.

नाथाजींना हसणाऱ्या वाचकांनी एक कागद घ्यावा आणि काल रात्री आपल्या घरात जे माणूस सर्वांत शेवटी जेवले, त्याच्या ताटात काय होते ते लिहावे. आत हाक मारून विचारायचे नाही.