क्लिफर्डचा नेम आणि केरिसनचे वाटाणे

एका बुधवारी क्लिफर्ड गॉट्सने ठरवलं, की आपला नेम सुधारायचा. वयाच्या चोपन्नाव्या वर्षी माणसाने असलं काही मनावर घेऊ नये. या वयात फार तर चहातली साखर कमी करावी. पण क्लिफर्डचा नाइलाज होता, कारण त्याच दिवशी सकाळी केरिसनने त्याला फाटकापाशी गाठलं होतं.

केरिसन म्हणजे त्या भागातला मोठा शेतकरी. चाळीस एकर वाटाणा. इंग्लंडमधल्या या नॉरफोक परगण्यात वसंतात वाटाण्याचे कोंब दोन बोटं वर आले, की रानकबुतरं थव्याथव्याने उतरतात आणि आठवड्याभरात शेत हजामत केल्यासारखं करून टाकतात. मग शेतकरी एखाद्या बंदूकवाल्याला शेतावर बसायची परवानगी देतो. ही परवानगी तिकडे लोक जिवापाड जपतात. मुलीसाठी चांगलं स्थळ एक वेळ शेजाऱ्याला सांगतील, पण आपलं कबुतरांचं शेत कुठे आहे ते सांगणार नाहीत. क्लिफर्डकडे केरिसनचं शेत अकरा वर्षं होतं. या अकरा वर्षांत त्याचा हिशोब साधारण शंभर काडतुसांना दोन कबुतरं असा पडला होता. (त्या दोनातलं एक वार्धक्याने पडलं असावं, असं गावातल्या पबमध्ये बोललं जाई.)

"हे बघ गड्या," केरिसन म्हणाला, "तू माणूस चांगला आहेस. फाटक नीट लावून जातोस, रिकामी काडतुसं वेचून नेतोस. पण माझे वाटाणे कोण वाचवणार? शनिवारी संध्याकाळी या फाटकावर वीस पक्षी टांगलेले दिसले पाहिजेत. नाही दिसले, तर शेत बॅसिल लारवुडला."

बॅसिल लारवुड हा गावातला प्लंबर. तो दोन काडतुसांत एक कबुतर पाडायचा आणि वर ते पबमध्ये सांगायचा.

"वीस?" क्लिफर्डने विचारलं.

"वीस. आणि क्लिफर्ड, मेलेली."

आता खरं सांगायचं, तर क्लिफर्डला कबुतरं मारायची फारशी हौस नव्हती. त्याला ती जागा हवी होती. आठवडाभर तो जिल्हा कचेरीत नालेसफाईच्या फायली सांभाळायचा आणि गावात ज्याच्या ज्याच्या दारात पाणी तुंबायचं तो तो क्लिफर्डला फोन करायचा. शनिवारी मात्र तो कुंपणाच्या कडेला जाळीचा आडोसा उभा करायचा, उलट्या खोक्यावर बसायचा, थर्मासमधला चहा प्यायचा आणि समोरचं हिरवं शेत बघत राहायचा. तिथे त्याला कुणी नाल्याबद्दल विचारत नसे. ते शेत गेलं असतं, तर शनिवार आणि मंगळवार यांत फरक उरला नसता.

म्हणून त्याने वाचनालयातून एक जुनं पुस्तक आणलं. छऱ्याच्या बंदुकीने उडतं कबुतर कसं टिपावं, यावर त्यात दोनशे पानं होती. बुधवारी आणि गुरुवारी त्याने ती कचेरीत फाइलीच्या आड धरून वाचली. लेखकाचं म्हणणं एवढंच होतं, की गाल बंदुकीच्या लाकडी दस्त्याला चिकटवा, नळीकडे बघू नका, पक्ष्याच्या चोचीकडे बघा, आणि काही झालं तरी बंदूक फिरवता फिरवता मधेच थांबवू नका. नवशिका माणूस घोडा ओढताना हात थांबवतो, आणि छरे शेपटीमागून निघून जातात. थांबू नका. हे वाक्य पुस्तकात एकोणीस वेळा होतं.

शिवाय घरच्या घरी करायचा एक व्यायाम दिला होता. रिकाम्या बंदुकीच्या नळीत छोटी बॅटरी बसवायची आणि भिंत आणि छत जिथे मिळतात त्या रेघेवरून तिचा उजेड फिरवत न्यायचा. उजेड रेघेवर राहिला, की नेम आला.

गुरुवारी संध्याकाळी जेवण झाल्यावर क्लिफर्डने बंदूक कपाटातून काढली, रिकामी आहे ना हे तीनदा तपासलं, बॅटरी बसवली आणि दिवाणखान्यात उभा राहिला. घर जुनं, छत बुटकं, बंदूक लांब. आणि छताखाली वीतभर अंतरावर एक लाकडी फळी, तिच्यावर त्याच्या सासूबाईंच्या बारा बशा. प्रत्येक बशीवर एकेका महिन्याचं चित्र. जानेवारीत बर्फ, फेब्रुवारीत मेंढ्या, असं करत करत डिसेंबरपर्यंत.

उजेड फिरू लागला. कोपरा आला, वळला. क्लिफर्डला उत्साह आला. त्याने वेग वाढवला. (पुस्तकात वेगाबद्दल काही नव्हतं. हे त्याचं स्वतःचं संशोधन.) नळीचं टोक जानेवारीला लागलं तेव्हा त्याला ते कळलंही. पण थांबायचं नाही, हे एकोणीस वेळा वाचलेलं होतं. तो थांबला नाही. जानेवारी, फेब्रुवारी, मार्च आणि एप्रिल एकामागून एक खाली आले.

स्वयंपाकघरातून त्याची बायको हिलरी आली. तिने जमिनीकडे पाहिलं, मग फळीकडे, मग नवऱ्याकडे.

"हे काय आहे?"

"सराव," क्लिफर्ड म्हणाला.

"कशाचा?"

"नेमाचा."

"मग अभिनंदन. चारात चार. आईला काय सांगू? वर्ष मे महिन्यापासून सुरू होतं म्हणून?"

"हिलरी, मी थांबू शकत नव्हतो. पुस्तकात..."

"पुस्तकात लिहिलंय सासूच्या बशा फोड म्हणून? दाखव बघू पान."

क्लिफर्डने खरोखरच पान काढून दाखवलं. (काही नवऱ्यांना प्रश्न आणि टोमणा यांतला फरक लग्नाच्या सत्ताविसाव्या वर्षीही कळत नाही.) हिलरीने ते वाचलं. जवळच्या बाजाराच्या गावात चष्म्याच्या दुकानात ती वीस वर्षं नोकरीला होती, आणि डोळ्यांसंबंधी काही निघालं की तिला राग आवरून ऐकायची सवय झाली होती.

"परत कर," ती म्हणाली.

"आता?"

"त्या भिंतीवर कर, तिथे आईचं काही नाही. आणि हळू."

त्याने केलं. हिलरी हाताची घडी घालून बघत होती.

"क्लिफर्ड, तू कोपऱ्यावर नेम धरतोस आणि उजेड हातभर डावीकडे पडतोय."

"मला तर नळी कोपऱ्यावरच दिसतेय."

"तेच तर. बंदूक खाली ठेव. दोन्ही हात पुढे कर. पंजे जोडून मधे छोटी खिडकी कर. आता त्यातून घड्याळ बघ. दिसतंय? डावा डोळा मीट."

"घड्याळ गेलं."

"उघड. आता उजवा मीट."

"आलं परत."

हिलरी खुर्चीत बसली आणि तिला हसू आवरेना. "अरे, तुझा डावा डोळा घरमालक आहे! उजवा नुसता भाडेकरू. अकरा वर्षं तू बंदूक उजव्या खांद्यावर ठेवतोयस आणि नेम डाव्या डोळ्याने धरतोयस. तू मारलीस ती कबुतरं बिचारी शेजारच्या कबुतराच्या वाट्याच्या छऱ्यांनी मेली."

क्लिफर्डला बशांचं दुःख होतं, पण त्याहून मोठा आनंद झाला होता. म्हणजे आपण वाईट नेमबाज नाही! आपण चांगले नेमबाज आहोत, फक्त चुकीच्या डोळ्यात राहतो.

"उपाय?"

"सोपा. चष्म्याच्या डाव्या काचेवर, बुबुळासमोर, धुरकट चिकटपट्टीचा तुकडा लाव. डाव्याला धूसर दिसलं की उजवा आपोआप कामाला लागतो. दुकानात बंदूकवाले येतात, त्यांना आम्ही हेच सांगतो. मीच लावून दिली असती, पण आज तुझ्या चष्म्याला हात लावला तर एप्रिलसारखा होईल तो."

शुक्रवारी कचेरीत क्लिफर्डने सगळ्यांना डोळ्यांबद्दल सांगितलं. शिपायापासून साहेबापर्यंत सगळे हाताच्या खिडकीतून घड्याळ बघत बसले आणि त्या दिवशी जिल्ह्यात एकही नाला साफ झाला नाही.

शनिवारी तो उजाडताच शेतावर पोचला. वारं बोचरं होतं, म्हणून जाडा हिरवा कोट आणि टोपी. त्याने जाळीचा आडोसा उभारला. समोर वाटाण्यात प्लॅस्टिकची बारा खोटी कबुतरं मांडली, सगळ्यांची तोंडं वाऱ्याकडे, म्हणजे आकाशातल्या खऱ्यांना वाटावं की खाली पंगत बसली आहे. मग चष्मा काढला, आपल्याकडे तोंड करून गाडीच्या टपावर ठेवला आणि डाव्या हाताच्या काचेवर मोठ्या काळजीने पट्टी चिकटवली.

आता चष्मा माणसाकडे तोंड करून बसला, की त्याची डावी बाजू आपल्या उजवीकडे येते, हे लहान पोरालाही कळतं. पण लहान पोरावर वीस कबुतरांचा भार नसतो. क्लिफर्डने चष्मा घातला. उजव्या डोळ्यापुढे दाट धुकं पसरलं. औषध कडूच असतं, तो मनाशी म्हणाला, आणि खोक्यावर बसला.

सातच्या सुमारास पहिला थवा आला. क्लिफर्डने बंदूक उचलली. खांद्याला दस्ता, गाल दस्त्याला, डोळा चोचीवर. चोच कुठे दिसेना. तो आडोशातून अर्धा वर आला. तरी दिसेना. मग तो सरळ उभा राहिला, मान कोंबडीसारखी वाकडी केली, बंदूक फिरवली, थांबला नाही, आणि बार काढला.

एक कबुतर पडलं.

क्लिफर्डला आनंदाने ओरडावंसं वाटलं, आणि तो ओरडलाही. मग नीट पाहिल्यावर कळलं, की ते प्लॅस्टिकचं होतं.

दहा वाजेपर्यंत पंगतीतली आणखी चार माणसं उठली. खऱ्यांपैकी एकालाही ओरखडा नव्हता. प्रत्येक थव्याला क्लिफर्ड ताडकन उभा राहायचा, मान या बाजूला, मान त्या बाजूला, जाळीत पाय अडकायचा, हात हवेत फिरायचे. एकदा तो जाळीसकट वाटाण्यात आडवा झाला. लांब ट्रॅक्टरवर बसलेला केरिसन काम थांबवून बघत होता. क्लिफर्डला ते दिसलं (डाव्या डोळ्याने, अगदी स्वच्छ), आणि त्याने लाजेने टोपी कानांपर्यंत खाली ओढली. थवे आता कुंपणापलीकडूनच वळून दुसऱ्याच्या शेतात जाऊ लागले होते.

दुपारी हिलरीचं दुकान अर्धा दिवस असल्याने ती हॅमची सँडविचं घेऊन आली.

"किती?"

"पाच."

"अरे वा!"

"आपलीच."

तिने नवऱ्याकडे नीट बघितलं आणि सँडविच त्याच्या हातात द्यायच्या ऐवजी आपल्याच तोंडात घातलं.

"क्लिफर्ड, पट्टी कुठल्या काचेवर लावलीस?"

"डाव्या."

"बरं. आता डावा हात वर कर."

त्याने केला.

"त्याच हाताने पट्टीला हात लाव."

डावा हात चष्म्यापर्यंत गेला, नाकापाशी घुटमळला आणि नाक ओलांडून पलीकडे गेला. हिलरीने पट्टी काढली आणि दुसऱ्या काचेवर लावली. धुकं डावीकडे गेलं, उजवीकडे जग लख्ख झालं. त्याने बंदूक उचलली. नळी, कुंपण, लांबचं झाड, सगळं एका रेषेत! अकरा वर्षांत पहिल्यांदा!

"हिलरी," तो बंदूक खाली न घेता म्हणाला, "आता येऊ देत."

आली नाहीत. दोन वाजले, चार वाजले, सहा वाजले. क्लिफर्ड जगातला उत्तम नेमबाज होऊन बसला होता आणि आकाशात चिटपाखरू नव्हतं.

संध्याकाळी तो रिकाम्या फाटकापाशी उभा होता. केरिसन वाटाण्याच्या ओळींतून हळूहळू चालत आला, मधे मधे वाकून कोंब बघत.

"केरिसन, मी पुढच्या वेळी..." क्लिफर्डने सुरुवात केली. "म्हणजे पुढची वेळ नाहीये, कळतंय मला. बॅसिलला सांगा, खोकं राहू देतो त्याच्यासाठी."

"बॅसिल?" केरिसन म्हणाला. "त्याला काय करायचंय? बॅसिल आडोशात गुपचूप बसतो. चाळीस मारतो आणि चारशे माझ्या वाटाण्यावर बसलेली असतात. आज सकाळी दहानंतर एक कबुतर खाली उतरलं नाही, गड्या! एक कोंब तुटला नाही. तू ते उभं राहून काय करत होतास, मान अशी, हात असे?"

"नेम धरत होतो."

"तेच कर. फक्त आडोशाबाहेर उभा राहून कर, लांबून दिसलं पाहिजे. शेत तुझं. उद्या येतोस?"

क्लिफर्डला हसावं की रडावं कळेना, पण शेत राहिलं होतं. त्याने होकार दिला. रविवारी तो दिवसभर उभा राहून हातवारे करत होता, आणि कबुतरं गावाच्या हद्दीबाहेर होती.

"सोमवारी तुझी कचेरी," संध्याकाळी केरिसन म्हणाला. "तेवढा कोट आणि टोपी ठेवून जा. काठीवर अडकवतो. कबुतरं आता कोट-टोपीलाच ओळखतात."

मंगळवारी संध्याकाळी फोन आला. क्लिफर्ड बराच वेळ नुसता "हो," "हो का," "बरं" म्हणत होता. फोन ठेवून तो खुर्चीत बसला.

"काय म्हणतोय केरिसन?" हिलरीने विचारलं. "शेत काढून घेतलं?"

"नाही. शनिवारी ये म्हणाला. खोक्यावर बस, चहा पी, हवा तेवढा वेळ बस."

"मग तोंड का पडलंय?"

"म्हणाला, फक्त कोटाच्या कामात लुडबुड करू नकोस."