न मारलेलं औषध

भेंडीवर आपण एकही औषध मारलेलं नाही, हे सावळाने स्वतःच्या तोंडाने सांगितलं, आणि तिथून त्याच्यामागे शुक्लकाष्ठ लागलं.

दाभोशाला नदीकाठी त्याचा दहा गुंठ्यांचा तुकडा होता. भात निघालं की सावळा, त्याची बायको जिजा आणि मुलगी रंजना दरवर्षी भिवंडीकडे वीटभट्टीवर जात, ते पावसाच्या तोंडाशी परत. रंजना सहावीत पोचली होती, पण मराठीच्या पुस्तकातला दिवाळीनंतरचा एकही धडा तिने आजवर वर्गात बसून वाचला नव्हता. दोन हजार पाच साली मात्र जव्हारच्या तुळशीदासने सावळाला परदेशी पाठवायची भेंडी लावून दिली. तुळशीदास कंपनीचा माणूस. मोटरसायकलवरून यायचा, गळ्यात पिशवी, पिशवीत कागद. होळीपर्यंत तोडा चालेल आणि भट्टी चुकेल, असं त्याने सांगितलं होतं. सावळाने भट्टीच्या मुकादमाला "या साली आमी येत नाय" असं कळवून टाकलं. ते बोलताना त्याला इतकं बरं वाटलं, की घरी येऊन त्याने ते जिजाला दोनदा सांगितलं.

पहिला तोडा आठवड्यावर आला आणि तुळशीदासने फॉर्म उघडला.

"औषध कुठलं मारता, सावळाभाऊ?"

"मारत नाय."

"कधीच नाही?"

"राख टाकतो. अळी दिसली तं जिजा चिमटीत धरून काढते."

"राखेचा रकाना नाही यात."

"मंग जिजाचा लिवा."

तुळशीदास हसला नाही. हा फॉर्म किती कडक आहे हे त्यालाच माहीत होतं. परदेशातली माणसं भाजी कशी लागते ते विचारत नाहीत. ती कुठे, कोणी, हात धुऊन तोडली का, ते विचारतात. शेतावर साबण हवा, नियमांची पिवळी पाटी हवी, औषध कुलपात हवं आणि फवारणीची वही हवी.

"पन औषधच नाय तं कुलूप कशाला?"

"कुलूप नसलं तर चोरून मारलं असं धरतात."

हे सावळाला पटलं नाही, पण कळलं. तो जव्हारला हारुनशेठच्या दुकानात गेला.

"कशावर मारायचंय?" हारुनशेठने विचारलं.

"मारायचं नाय. कुलपात ठेवायचंय."

हारुनशेठने चष्मा कपाळावर चढवला. "सावळा, तीस सालं झाली दुकानाला. अळी मेली नाही म्हणून भांडणारे आले, पीक जळलं म्हणून रडणारे आले. नुसतं ठेवायला नेणारा तूच पहिला रे बाबा."

"जरा बरी दिसंल अशी बाटली द्या."

हारुनशेठने लाल चिठ्ठीची मोठी बाटली काढून दिली. घरात कुलपाची एकच वस्तू होती, जिजाची पत्र्याची पेटी. लुगडी बाहेर आली आणि बाटली आत गेली.

"माझी लुगडी दांडीवर आन हिला पेटी," जिजा म्हणाली. "दुसरी बायको केलीस तं सांगून तरी करायची."

शेताच्या बांधावर साबण ठेवला, तो पहिल्याच सकाळी कावळ्याने नेला. दुसरी वडी आणून सुतळीने खुंटाला बांधली. राहिली वही. ती रंजनाकडे आली आणि तिने बाईंनी शिकवल्याप्रमाणे खरं ते शुद्ध भाषेत लिहिलं. "सोमवार. बाने पाणी घातले. मंगळवार. शेजारची शेळी आली. तिने बारा भेंड्या खाल्ल्या. बुधवार. शेळीला काही झाले नाही."

तुळशीदासने ते वाचलं आणि डोक्याला हात लावला. "अगं, ही वही आहे का गोष्ट?"

"पन तसंच झालं."

"झालेलं कोण विचारतंय? शाळेत परीक्षेत झालेलं लिहितेस का पाठ केलेलं?"

 तुळशीदासने किनाऱ्याकडच्या कुणा बागायतदाराची वही पिशवीतून काढली आणि रंजनाला कोऱ्या वहीत उतरून काढायला लावली. तारीख, औषध, प्रमाण, पंप किती. कागदावर सहा फवारण्या झाल्या. प्रत्येकीखाली सावळाने अंगठा उठवला. सहावा उठवल्यावर त्याने अंगठ्याची शाई मातीत घासून काढली. भाताच्या मळणीतही त्याने कधी कुणाशी खोटं केलं नव्हतं.

तपासणीचे साहेब आले ते डोक्याला जाळीची टोपी घालून. त्यांनी कुलूप ओढून पाहिलं, साबण हुंगला, पाटी वाचली आणि वही चाळून तोंडभर हसले. "वा! इतकी स्वच्छ नोंद मी नाशकातसुद्धा पाहिली नाही." जाताना त्यांनी पिशवीभर भेंडी नमुना म्हणून नेली. त्या दिवशी रंजना शाळेत होती, आणि दिवाळी होऊन पंधरा दिवस उलटले होते.

आठ दिवसांनी तुळशीदास आला. मोटरसायकल वर रस्त्यावरच ठेवून तो चालत खाली उतरला, तेव्हाच काहीतरी बिनसलंय हे जिजाने ओळखलं.

"नमुना फेल," तो म्हणाला.

"काय निघालं भेंडीत?" सावळाने विचारलं.

"काहीच नाही निघालं."

"मंग?"

"तेच तर! वहीत सहा फवारण्या, आणि भेंडीत औषधाचा मागमूस नाही. साहेब म्हणतात वही खोटी."

"म्हंजे भेंडी चांगली हाय?"

"चांगली आहे. म्हणून तर अडलंय." तुळशीदासने घाम पुसला. "दहा दिवसांनी परत नमुना नेतील. वही आणि भेंडी जुळली पाहिजे. बघा काय ते."

आता वहीत अंगठे होते. अंगठा परत घेता येत नाही हे सावळाला ठाऊक होतं. तेव्हा बदलायची ती भेंडीच. नवव्या दिवशी सकाळी त्याने वरच्या पाड्यातून पोश्याचा पंप मागून आणला, पेटी उघडली आणि रंजनाला वही वाचायला बसवलं.

"बा, ह्या सहा येळच्या हायेत. आठ-आठ दिवस सोडून."

"सगळ्या आजच मारतो. एकच मारली तं पाच खोट्या राहतील ना."

"अरे, येडा झालास काय?" जिजा ओरडली. "सहा दिसांचं जेवन एकदम जेवतोस का कधी?"

"मी अंगठा दिलाय," सावळा म्हणाला.

तोंडाला टॉवेल बांधून त्याने एकामागून एक सहा वेळा तो तुकडा भिजवला. हारुनशेठची बाटली रिकामी झाली. संध्याकाळी तो तीनदा ओकला आणि त्याला उभं राहवेना. जिजा त्याचं डोकं धरून शिव्या देत बसली. पण महिन्याभरात पहिल्यांदाच त्याचं मन हलकं झालं होतं, कारण वही आता खरी होती.

दुसऱ्या खेपेला निकालाला आठ दिवस लागले नाहीत. तुळशीदास तिसऱ्याच दिवशी आला. चालता चालता तो दोनदा थांबला.

"मर्यादेच्या चाळीस पट," तो म्हणाला. "साहेबांनी पिशवीला हात लावायला हातमोजे घातले. भाऊ, ही भेंडी बाजारात न्यायची नाही. घरात खायची नाही. शेळीलासुद्धा घालायची नाही."

"पन जुळली का?"

तुळशीदास बांधावर बसला. "जुळली," तो म्हणाला.

झाडं उपटायला दोन दिवस लागले. जिजाने ती खड्ड्यात घालून वर माती ओढली. सावळाने मुकादमाला आता येतो म्हणून निरोप धाडला. शाळेच्या बाईंनी रंजनाला वर्गासमोर कविता म्हणायला सांगितली होती, शनिवारी. मुकादमाचा ट्रक शुक्रवारी आला.

ट्रकमध्ये बिऱ्हाड चढलं. टोप, गोधड्या, टोपलीखाली दोन कोंबड्या. रंजना केबिनच्या बाजूला पाय पोटाशी घेऊन बसली. तेवढ्यात तुळशीदासची मोटरसायकल धूळ उडवत आली. हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत एक जाड कागद होता, सोनेरी काठाचा.

"सावळाभाऊ, थांबा! पास झालं!"

"भेंडी?"

"शेत! कुलूप, पाटी, साबण, वही, सगळ्यात पैकीच्या पैकी. जव्हार-मोखाड्यातलं पहिलं शेत आहे हे. भाजी तेवढी नापास झाली." त्याने कागदाच्या तळाशी बोट ठेवलं आणि त्याचा आवाज उतरला. "एकच अट आहे. वर्षभर शेतावर जबाबदार माणूस हजर पाहिजे. कधीही तपासायला येतील."

ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. सावळाने कागदाकडे पाहिलं, मग तुळशीदासकडे पाहिलं. सावळाच्या चेहऱ्यावर टोमण्याचं नावही नव्हतं. तो खरोखरच विचार करत होता.

"मंग तुमीच थांबा, भाऊ," तो म्हणाला. "नदीला पानी होळीपर्यंत असतं. घराचं दार लावताना जरा उचलून लावा, खाली घासतं."