रोह्याचे प्रतिनिधी

मधूला कुणी "कुठे चाललास?" असं विचारलं, की तो थांबून गंभीरपणे सांगायचा, "सध्या पृथ्वीवरच आहे." चहा आवडला तर "पृथ्वीवरचा चहा बरा असतो," आणि पगार लांबला तर "पृथ्वीवर असंच चालायचं." आता अशा माणसाचा संशय घ्यायचा नाही, तर कुणाचा घ्यायचा?

मी मुळातच संशयी. दुधात पाणी आहे हे मी धरूनच चालतो, ते कुठल्या विहिरीचं एवढाच प्रश्न असतो. त्यात एकाहत्तरचं युद्ध सुरू झालं, पेणमध्ये ब्लॅकआउट लागू झाला आणि आमच्या आळीत कुणाचा दिवा दिसतो हे बघायचं काम माझ्याकडे आलं. शिट्टीसुद्धा मिळाली. आधीच मर्कट, त्यात मद्य प्यालेला!

मधू माझा शेजारी, वय विशी-बाविशीचं. गणपतीच्या कारखान्यात रंगकाम करायचा. पण त्याचे हात कायम जांभळे. विचारलं तर म्हणायचा, "शाई हाय, भाऊ." शाई लिहिणाऱ्याच्या दोन बोटांना लागते. याच्या तर मनगटापर्यंत! वर घरातून सारखा सरस, म्हणजे जनावरांच्या हाडांचा डिंक, शिजवल्याचा उग्र वास. शेवटी मी त्याच्या आईला, शांताकाकूंना गाठलं.

"काय सांगू, भाऊ," काकू कावलेल्याच होत्या. "कारखान्यातला सरस आणतो, त्यात ग्लिसरीन घालून शिजवतो नि माज्या वड्या थापायच्या ताटात वततो. गोठला का त्यावर जांभळ्या शाईचा कागद दाबतो. मग कोरा कागद ठेवला का अक्षरं उठतात म्हणं. मी वड्या कशावर थापू?"

म्हणजे शेजारच्या घरात छापखाना! त्यातून जे निघायचं त्याचं नाव 'शुक्रावरून'. सगळ्या गोष्टी परग्रहांच्या, यानांच्या, नाना तऱ्हेच्या किरणांच्या. मुखपृष्ठावर मात्र ठळक अक्षरांत रोह्याचे प्रतिनिधी अमुक, नागोठण्याचे प्रतिनिधी तमुक. महिन्यातून एकदा मधू गठ्ठा घेऊन रोह्याच्या एसटीत बसायचा आणि संध्याकाळी रिकाम्या हातांनी परत यायचा. आणि आता युद्धातही हे सगळं चालूच!

मी एक अंक मागितला. तो इतका हरखला की मला आणखीच शंका आली. लाल पेन्सिल घेऊन मी शब्द न् शब्द वाचून काढला, संशयास्पद वाटेल तिथे खूण केली. शेवटच्या पानावर शाई फुटली होती, तरी वाचता आलं : 'मिठागरात तयार राहा. यान शुक्रवार उतरेल.' व्याकरण कच्चं होतं. पण हेरांच्या व्याकरणाकडे कोण बघतो?

त्या दिवशी गुरुवार होता. मी तडक पोलीस ठाण्यात गेलो.

फौजदारांनी अंक ठेवून घेतला आणि दुपारी मधूला बोलावलं. मागोमाग शांताकाकू आल्या. मी तर होतोच.

"शुक्रवारी काय उतरणार आहे?" फौजदारांनी दरडावून विचारलं.

"शुक्रावर, साहेब. काना 'क्र'ला हाय. 'व'ला नाय."

फौजदारांनी पान खिडकीशी नेऊन निरखलं. मग मला निरखलं. मी पंख्याकडे बघू लागलो. पण हार मानणाऱ्यातला मी नाही. म्हटलं, "काना सोडा, साहेब. प्रतिनिधी कोण ते विचारा."

ते ऐकून मधूचा चेहरा उतरला.

"बोल. रोह्याचा प्रतिनिधी कोण?"

"नाय सांगता येत."

"आणि नागोठण्याचा?"

मधूने जांभळे हात पाठीमागे लपवले.

"युद्ध चालू आहे, कळतंय का? माणसं लपवलीस तर आत टाकावं लागेल."

"सांग रे बाबा, माज्या गळ्याची शपथ हाय तुला," काकू रडायला लागल्या.

सापडला, असं मी मनात म्हटलं. मधूने मान खाली घातली. मग हळूच म्हणाला, "कोण नाय, साहेब."

"म्हणजे?"

"रोह्याचा मीच, नागोठण्याचा पण मीच. नावं बनवलीत. एकट्याचा अंक म्हटला का लोक हसतात."

"मग ते गठ्ठे जातात कुठे?"

"रोह्याच्या स्टँडवर, बाकावर ठेवतो. नि समोर टपरीवर चहा घेऊन बसतो. कोण उचलतंय काय, बघत."

"उचलतात?"

"व्हय, उचलतात ना," मधू म्हणाला. "बाक झटकतात त्यानं. नायतर खाली घालून बसतात."

ठाण्यात कुणी हसलं नाही. हा पोरगा हेर ठरून कोठडीत जायला तयार होता, पण आपल्याला एकही वाचक नाही हे चारचौघांत सांगणं त्याच्या जिवावर आलं होतं.

फौजदारांनी उगाच पानं उलटली. घसा साफ केला. "ती शुक्रावरची बाई पाण्यावाचून एकटीच राहते," ते म्हणाले, "तिचं पुढे काय होतं?"

मधूने झटकन मान वर केली. "तुम्ही सगळा वाचलात, साहेब?"

"तपास म्हटला की वाचावं लागतं. दोनदा वाचला. आणि ह्या भाऊंनी तर पानापानावर खुणा केल्यात, बघ."

मधूने अंक हातात घेतला. माझ्या लाल खुणांवरून बोट फिरवत एकेक पान उलटत राहिला. "एवढं वाचलंत, भाऊ?" असं त्याने विचारलं, आणि मी गळ्यातली शिट्टी काढून खिशात घातली.

फौजदार पुन्हा फौजदार झाले. टेबलावर हात आपटून म्हणाले, "यापुढे प्रत्येक अंक आधी इथे आणून द्यायचा. तपासला जाईल. समजलं?"

दुसरा कुणी असता तर अपमानाने लाल झाला असता. मधूचे डोळे भरून आले.

"आणतो, साहेब," तो म्हणाला. "पण एखादी गोष्ट बरी नाय वाटली, तर ते पण सांगाल ना?"