नानांच्या धरणाची तब्येत

दगाजी नाना दिवसाचा पहिला घोट चहाचा घेत नाहीत. काचेचा पेला घेऊन ते आपल्या धरणाच्या पायथ्याशी उतरतात, बांधातून झिरपणारं पाणी त्यात धरतात, एक डोळा मिटून ते उन्हासमोर बघतात आणि मग पिऊन टाकतात. चहा त्यानंतर. मी या गावच्या शाळेत बदलून आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात हे पाहिलं. म्हातारा काही देवाधर्माचं करत असेल असं समजून मी लांबूनच नमस्कार केला. नानांनी पेला माझ्यापुढे धरला आणि विचारलं, "बाई, निर्मळ शे ना?" मी घाबरून हो म्हटलं.

शिंदखेड्याच्या अलीकडे दोन टेकड्यांच्या बेचक्यात हे धरण आहे. धरण म्हणजे मातीचा लांब बांध, आतल्या अंगाने दगड लावलेला. नानांच्या वडिलांनी तो स्वतःच्या जमिनीत, घरच्या बैलांनी माती ओढून घातला. बांधाखाली नाल्याच्या काठाने वस्ती, आणि वस्तीच्या टोकाला माझी शाळा. मी मूळची असोद्याची, केळीच्या मुलखातली. पाणी म्हणजे विहीर आणि मोटार, एवढंच मला ठाऊक. पाण्याला कुणी माणसासारखं जपतं, हे मी इथे पाहिलं.

गावात कुणी नानांना तब्येत विचारली तर ते धरणाची सांगत. "बरी शे. फक्त डाव्या अंगाला जरा ओल शे." एकदा त्यांच्या दूरच्या मेहुण्यांनी फोनवर हे ऐकलं आणि नानांना अर्धांगवायूचा झटका आला असं समजून मालिशचं तेल पाठवून दिलं. नानांनी ते पाणी सोडायच्या मोरीच्या गंजक्या चाकाला चोळलं आणि मेहुण्यांना कळवलं की चांगला गुण आला.

आमचं भांडण झालं ते झाडांवरून. मी शाळेतल्या मुलांना घेऊन बांधावर कडुलिंबाची रोपं लावली. फोटो काढले, वरच्या कार्यालयात पाठवले. दुसऱ्या दिवशी सगळी रोपं उपटून शाळेच्या फाटकाशी ओळीने ठेवलेली, मुळांना ओलं फडकं बांधलेलं. मी तणतणत नानांकडे गेले. त्यांनी मला ओट्यावर बसवलं, पाणी दिलं, आणि माझं बोलून होईपर्यंत थांबले. मग म्हणाले, "बाई, झाड मरस, मूळ मरस, सडस, आनि मातीमा नळी ऱ्हास. पानीले नळीच पाह्यजे." रोपं आम्ही शाळेच्या आवारात लावली. पाणी नानांनीच घातलं.

घूस, खेकडे आणि लग्नाच्या वराती हे नानांचे शत्रू. घुशीचं बीळ दिसलं की ते जेवण टाकून माती कुटायला बसत. ट्रॅक्टरवर गाणी लावून निघालेली एक वरात त्यांनी बांधावरून जाऊ दिली नाही, नवरदेवाला खाली उतरवून चालत नेलं, आणि पलीकडे पोचल्यावर त्याच्या हातावर नारळ ठेवला.

या धरणाची तपासणी कुणी करावी, हेही त्यांनी विचारून पाहिलं होतं. धुळ्याला एका कार्यालयात सांगितलं की हे आमच्या यादीत नाही. दुसऱ्यात सांगितलं की आमच्याही नाही. तिसऱ्या ठिकाणी एक साहेब वैतागून म्हणाले, खाजगी आहे, तुमचं तुम्हीच बघा. नानांनी हे हुकमासारखं घेतलं. साहेबांनी हे काम मला नेमून दिलंय, असं ते पुढे अभिमानाने सांगत.

त्या वर्षी भाद्रपदात धरण काठोकाठ भरलं. दोन दिवस झड लागली होती, तिसऱ्या सकाळी उघडलं. परिपाठ चालू होता. नाना पेला घेऊन शाळेत आले, वर्ग भरलेले असताना कधी येत नसत ते. पाणी फिक्या चहासारखं दिसत होतं.

"रंग दखा, बाई. माती येई राहिनी," ते म्हणाले. "बांध आतून धुवाई राहिना. पोरं टेकडीवर लई जा."

मला पेल्यात काहीच भयंकर दिसेना. पण नानांनी आज ते पाणी प्यायलं नव्हतं. मी मुलांना रांगेत टेकडीवरच्या देवळात नेलं आणि वस्तीत निरोप धाडला.

पुढचं सगळं मी देवळाच्या पायरीवरून पाहिलं, कोण काय बोललं ते नंतर कळलं. नानांनी आधी मोरी पूर्ण उघडली. मग पायथ्याशी जिथून गढूळ पाणी उसळत होतं तिथे भोवती मातीच्या गोण्या रचायला लावल्या आणि मधे पाटीपाटीने वाळू, वाळूवर खडी टाकवली. एका तरण्याने ते भोक दगड ठोकून बंद करायचं म्हटलं, तर नाना त्याच्या अंगावर धावले. पाणी अडवायचं नाही, जाऊ द्यायचं, फक्त माती अडवायची, असं त्यांनी चार वेळा समजावलं. तेवढ्यात शेजारच्या गावचा जेसीबी आला. नानांनी तो बांधाच्या कडेला, जास्तीचं पाणी जातं त्या सांडव्यावर नेला आणि तिथला कठीण मुरूम खाली खाली खोदायला सांगितलं, म्हणजे धरण हळूहळू उतरेल.

आता उपसरपंच बांधावर चढले. त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. बांध ठणठणीत उभा दिसत होता, आणि या पाण्यावर वस्तीतल्या विहिरी आणि सगळ्यांचा हरभरा अवलंबून होता. सर्वात जास्त नुकसान नानांचंच होणार होतं. एका पेल्यावरून सगळं पाणी सोडायचं का, असं उपसरपंचांनी विचारलं.

"उभा शे तोवरच सोडनं पडी," नाना म्हणाले आणि जेसीबीवाल्याला हात केला.

पाणी दोन दिवस जात होतं. नाल्याने ते आवाज करत गेलं, शाळेच्या पायरीपर्यंत चढलं आणि उतरलं. वस्तीतल्या बायका नानांना तोंडावर बोलल्या. ते झऱ्यावर पाटीपाटीने वाळू टाकत राहिले.

तिसऱ्या दिवशी, पाणी पार खाली गेल्यावर, गढूळ झऱ्याच्या वरच्या अंगाला बांध खणला. हातभर माती काढली आणि पोकळी दिसली. बांध घालताना आत गाडलं गेलेलं बाभळीचं खोड कधीचंच कुजून गेलं होतं. जेसीबीवाल्याने आत हात घातला. खांद्यापर्यंत हात गेला तरी त्याला शेवट लागेना. तो हात बाहेर काढून तसाच बसून राहिला. उपसरपंचांनी डोक्यावरची टोपी काढली आणि पुन्हा घातली. त्या पोकळीच्या सरळ खाली, नाल्याच्या काठाला माझी शाळा दिसत होती, दारात उलट्या ठेवलेल्या बादल्यांसकट.

नानांचा फोन वाजला तो तेव्हाच. त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून ते फोनचा आवाज मोठा ठेवतात, पलीकडचं सगळ्यांना ऐकू येतं. पलीकडे सुरतेला राहणारा त्यांचा मुलगा होता. नानांची बायको, अक्का, वारल्या त्या दिवसांत, बांध मोडून जमीन सपाट करू असं तो म्हणाला होता आणि बापलेकांचं वाजलं होतं. तेव्हापासून दोघांचा अबोला. पण पाण्याची चौकशी ते अबोल्यात धरत नव्हते. मुलगा आठवड्यातून एकदा फोन करी, पाणी किती ते विचारी, नाना सांगत, आणि फोन ठेवला जाई. हे सगळं उपसरपंचांनी मला नंतर सांगितलं.

"नाना, पानी किती शे?" मुलाने विचारलं.

नानांनी चिखलाकडे बघितलं. मधोमध दोन बगळे चालत होते.

"पानी नही शे. सोडी दिनं."

पलीकडे काहीच आवाज येईना. फोन तुटला असं मला वाटलं. नानांनाही तसंच वाटलं असावं, कारण त्यांनी तो डोळ्यांजवळ नेऊन पाहिला आणि पुन्हा कानाला लावला.

"मंग," ते म्हणाले. "मंग तुन्हं सांग. तू कसा शेस?"

मुलगा बोलायला लागला. नाना ऐकत ऐकत आमच्यापासून लांब, बांधाच्या टोकाकडे चालत गेले. जेसीबीवाल्याला काढलेली माती कुठे टाकायची ते विचारायचं होतं. मी त्याला थांबायला सांगितलं. त्याने यंत्र बंद केलं.