सहा नंबरसमोरचा वळसा

दातांच्या दवाखान्यात कोणी मरत नाही.

मागची रबरी पट्टी दोन मिलिमीटर वर राहिली, की फरशीवर पाण्याची रेघ उरते. गोगलगाय गेल्यासारखी.

"अहो, पाय उचला."
"उचलला."
"दुसरा कोण उचलणार? शेजारी?"

सूचना-पुस्तिका, कलम चौदा: शिकवणी फेरीच्या वेळी मार्गात कोणीही उभे राहू नये.

एका बाईने एकाच इमारतीची फरशी अठ्ठावीस वर्षं पुसली. तिथल्या एकाही डॉक्टरचा चेहरा तिला सांगता यायचा नाही. बूट मात्र सगळ्यांचे पाठ.

या पाच गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नव्हता. तो कासवाने जोडला.

कासव म्हणजे फरशी घासायचं मशीन. पुढे दोन गोल ब्रश, पोटात दोन टाक्या, मागे पाणी ओढून घेणारी वाकडी रबरी पट्टी. ते कागदावर आखण्यात, खोडण्यात आणि पुन्हा आखण्यात ज्याने अकरा वर्षं घालवली, त्याला कारखान्यात सगळे मिलिमीटर म्हणत. लग्नाला मुलगी बघून आल्यावर "कशी वाटली?" या प्रश्नाला त्याने "दारातून आत येताना वर दोनशे दहा मिलिमीटर जागा उरली" असं उत्तर दिलं होतं म्हणे. त्याच मुलीने पुढे त्याच्याशी लग्न केलं, आणि कासवाला ती सवत म्हणायला लागली.

या कासवाची खरी करामत म्हणजे ते शिकायचं. जाणत्या माणसाने त्याला एकदा साऱ्या इमारतीतून चालवून आणायचं. ही शिकवणी फेरी. दुसऱ्या दिवसापासून कासव तीच फेरी एकट्याने मारणार. तीच वळणं, तोच वेग, तेच थांबणं. कलम तीन: मशीन शिकवले तेवढेच करते, पदरचे काही घालत नाही. या वाक्यावर मिलिमीटरचा स्वतःच्या बायकोपेक्षा काकणभर जास्तच जीव होता.

पहिली चाचणी मिळाली दातांच्या एका मोठ्या दवाखान्यात, पंधरा दिवसांची. शिकवणी तिथल्या मावशींनी दिली. त्या अठ्ठावीस वर्षांवाल्या. शेवटच्या शुक्रवारी दवाखान्याच्या प्रमुख डॉक्टरबाई अहवाल लिहिणार होत्या. तो चांगला आला तर कासव कारखान्यात बनायला लागणार.

"आणि वाईट आला तर?" मिलिमीटरने विचारलं होतं.

"बादल्यांच्या विभागात एक जागा आहे," मोठे साहेब म्हणाले होते. "हँडल डावीकडे गळतंय की उजवीकडे, एवढंच बघायचं. निवांत."

त्या रात्री निवांत या शब्दाने मिलिमीटरला घाम फुटला होता.

आठव्या दिवशी वॉचमनकाकांचा फोन आला.

"साहेब, तुमचं कासव कोणाला तरी बाजूला व्हा म्हणतंय."

"कोणाला?"

"तेच तर. कोणी नाहीये."

मिलिमीटर पोहोचला तेव्हा पहिल्या मजल्यावरच्या लांबलचक बोळात दुपारचे रुग्ण बाकांवर बसलेले होते. सुई दिल्यामुळे अर्धे चेहरे लोंबलेले, तोंडात कापूस. बोलत कोणीच नव्हतं. बंद दारांमागे दात कोरायची यंत्रं बारीक आवाजात रडत होती. बोळाच्या टोकाकडून कासव आलं. ओली, चकचकीत वाट मागे सोडत, सरळ. आणि दात काढायच्या सहा नंबरच्या खोलीसमोर थांबलं.

हॉर्न दिला. थोडं थांबून पुन्हा दिला.

समोर नुसती फरशी होती.

कासव दोन मिनिटं तसंच उभं राहिलं, जिना चढणाऱ्या म्हाताऱ्या माणसामागे आपण अदबीने थांबतो तसं. मग हळूच वळलं आणि त्या मोकळ्या जागेला वळसा घालून पुढे गेलं. जागा कोरडी राहिली. पाटाएवढी, लांबट, काळपट.

बाकांवरच्या अर्ध्या चेहऱ्यांनी मिलिमीटरकडे पाहिलं.

"सेन्सरवर धूळ असणार," मिलिमीटर म्हणाला.

त्याने सेन्सर पुसला. पुढच्या फेरीत कासव थांबलं. त्याने सेन्सर बदलला. कासव थांबलं. तिसऱ्या दिवशी कंटाळून त्याने सेन्सरवर चिकटपट्टीच लावली, दोन थर. आंधळं झालेलं कासव बोळातून आलं, सहा नंबरसमोर थांबलं, हॉर्न दिला, वाट पाहिली, पुन्हा दिला.

"डोळे बांधले तरी दिसतंय त्याला," वॉचमनकाका हलक्या आवाजात म्हणाले आणि तीन पावलं मागे सरकले.

"काका, विज्ञान आहे हे."

"असू दे की. मी कुठे नाही म्हणतोय? मी इथून बघतो विज्ञान."

आता गोष्ट पसरायला किती वेळ? ज्यांना बोलता येत नव्हतं ते रुग्णसुद्धा खुणांनी एकमेकांना सांगू लागले. त्या जागेवर कोणी पाय ठेवेना. सहा नंबरमध्ये जाणारे भिंतीला पाठ लावून, कडेकडेने, खेकड्यासारखे आत जाऊ लागले. एका गृहस्थांचा दात अर्धा हलवून झालेला असताना बाहेर हॉर्न वाजला. ते खुर्चीतून उठले, गळ्यात रुमालाची झूल तशीच, आणि थेट जिना उतरून गेले. उरलेला दात त्यांनी दुसरीकडे काढला असं कळलं.

"पण इथे मेलंय कोण?" मिलिमीटर भडकून म्हणाला. "दातांच्या दवाखान्यात मरतं का कोणी?"

"माणूस नसेल मेला," वॉचमनकाका म्हणाले. "दात मेलेत की. हजारोंनी. मुळापासून."

यावर कलम कुठलंच नव्हतं.

निदान तो काळा डाग तरी हाताने पुसावा म्हणून मिलिमीटरने मावशींना गाठलं. मावशींनी फडकं पिळलं, जागेकडे पाहिलं आणि फडकं पुन्हा बादलीत टाकलं.

"उभ्या माणसाच्या पायाखालून मी फडकं फिरवत नाही, साहेब. घरीसुद्धा नाही."

"मावशी, कोणी उभं नाहीये!"

"मग कासव काय वेडं आहे?"

शेवटी मिलिमीटर स्वतः गुडघ्यांवर बसला आणि डाग पुसला. त्या तेवढ्या जागेत फरशी जरा गार लागली. दुसऱ्या दिवशी डाग परत होता. कोणी पाऊल टाकत नाही, तर जागा मळते कशी? ब्रशच्या कडेचे शिंतोडे, त्याने वहीत लिहिलं, आणि 'शिंतोडे' खाली दोन रेघा मारल्या. दुसरी रेघ थोडी वाकडी आली.

बुधवारी डॉक्टरबाईंनी बोलावलं. त्यांच्या टेबलावर प्लास्टरचे जबडे ओळीने हसत होते.

"माझे रुग्ण पळतायत. शुक्रवारपर्यंत मला कारण सांगा, नाहीतर तुमचं ते प्रकरण घेऊन जा. आणि 'सेन्सर' हा शब्द मला पुन्हा नको."

"हो, मॅडम."

"एक विचारू? तुम्हाला स्वतःला काय वाटतं?"

मिलिमीटरला जे वाटत होतं ते सांगण्यासारखं नव्हतं. त्याला बादल्यांचा मंद खडखडाट ऐकू येत होता.

घरी बायको झाडत होती. तो खोलीच्या मधोमध वही घेऊन उभा. ती आली, थांबली, "अहो," म्हणाली, थोडं थांबून पुन्हा "अहो" म्हणाली, मग सुस्कारा टाकून त्याला वळसा घालून पुढे झाडत गेली. मिलिमीटरने हे सगळं पाहिलं. आपल्या पोराला शेजाऱ्यांनी काय शिकवलं हे बाप सर्वांत शेवटी विचारतो, तसं त्याचं झालं होतं. कासव काही बघत नव्हतंच. ते आठवत होतं!

गुरुवारी सकाळी त्याने कासवाची स्मृती उघडली. शिकवणी फेरी, पहिला मजला, सहा नंबर: अकरा वाजून दहा मिनिटं, थांबा. हॉर्न. हॉर्न. दोन मिनिटं. वळसा. म्हणजे हे सगळं मावशींनी केलं होतं, आणि कासवाने पदरचं काही घातलं नव्हतं. तो धावतच मावशींकडे गेला.

"मावशी, शिकवणीच्या दिवशी सहा नंबरसमोर कोण उभं होतं?"

"होते की एक जण. मी हॉर्न दिला. हलले नाहीत. परत दिला. मग म्हटलं, असतील विचारात, कशाला टोका."

"कोण पण?"

"मला काय माहीत? तुमच्यातलेच कोणी. वही होती हातात. खाली फरशीकडे बघत होते."

"चेहरा कसा होता?"

"साहेब, चेहरे बघायला लागले तर माझे कोपरे राहतील."

"बरं, बूट?"

"काळे. नाडीचे. टाचा बाहेरून झिजलेल्या."

मिलिमीटरने सावकाश खाली पाहिलं. काळे. नाडीचे. पाय उचलून टाच पाहिली. बाहेरून झिजलेली.

त्याला इतकं हायसं वाटलं की तो बाकावर बसला. मीच! त्या दिवशी तीन मजल्यांवर धावपळ चालली होती, वही घेऊन तो कुठे कुठे उभा राहिला याला गणती नव्हती, आणि पाण्याची रेघ बघायला लागला की त्याला जगाचं भान नसतं हे बायकोला विचारा. आठवेल का? त्याने डोळे मिटले. आणि आठवलंसुद्धा! ओली फरशी, मागून दोन हॉर्न. कबूल करायचं ठरलं की आठवणी आपण होऊन रांगेत येतात. स्वतःच लिहिलेलं कलम चौदा स्वतःच मोडलं होतं; लाज वाटायला हवी होती. पण भूत बघणारं मशीन कोणी घेत नाही. विसरभोळ्या माणसाने आखलेलं मात्र सगळेच घेतात.

शुक्रवारी तो डॉक्टरबाईंसमोर ताठ उभा राहिला.

"मॅडम, ते भूत मी आहे."

डॉक्टरबाईंनी चष्मा काढला. त्याने सगळं सांगितलं. स्मृती दाखवली, वही दाखवली, शेवटी टाचही दाखवली.

"म्हणजे गेले पंधरा दिवस आख्खा दवाखाना तुम्हाला वाट देतोय?"

"हो. माफ करा. दहा मिनिटांत खोडून टाकतो."

"खोडू नका."

"अं?"

"सहा नंबरचे डॉक्टर काल काय म्हणाले माहीत आहे? जे रुग्ण पळाले ते पळाले. पण जे त्या जागेपासून जीव मुठीत धरून आत येतात, ते खुर्चीत बसले की 'सुटलो' म्हणून आपणच तोंड उघडतात. सुईकडे लक्षच नसतं. वीस वर्षांत मला हे जमलं नाही." त्यांनी चष्मा पुन्हा लावला. "राहा तुम्ही तिथेच."

अहवाल इतका चांगला आला की मोठ्या साहेबांनी तो उभं राहून वाचला. "नम्र मशीन," ते म्हणाले. "प्रत्येक कासवाला हे थांबणं हवं. प्रत्येक इमारतीत."

"पण साहेब, शिकवणीच्या वेळी तिथे कोणीतरी उभं राहायला लागेल."

"मग तू कशाला आहेस?"

बादल्या टळल्या. बायकोने त्या दिवशी सवतीसाठीसुद्धा गोड केलं, म्हणजे ती गमतीत तसं म्हणाली आणि दोघांचं मिलिमीटरनेच खाल्लं.

सोमवारी तो दवाखान्यात गेला तेव्हा वॉचमनकाकांनी त्याला सलाम केला आणि मग, चुकून राहू नये म्हणून, वर पहिल्या मजल्याकडे बघून दुसरा केला. बोळात गर्दी होती. मिलिमीटरला एकदा स्वतःच्या जागेवर उभं राहून बघायचं होतं. शिंप्याकडून आलेला शर्ट अंगावर चढवून बघतो तसं. अर्ध्या चेहऱ्यांच्या दोन रांगांमधून तो गेला आणि काळ्या डागावर उभा राहिला. कोणीतरी दचकून श्वास घेतला. गारवा बुटांच्या तळव्यांतून वर येत होता.

कासव आलं. थांबलं. हॉर्न दिला, वाट पाहिली, पुन्हा दिला. दोन मिनिटं दोघे समोरासमोर उभे होते, बाप आणि लेकरू. मग त्याने वळसा घातला. मिलिमीटरने सवयीने वही उघडली, खाली पाहिलं, मोजपट्टी लावली. उजव्या बुटापासून ओल्या कडेपर्यंतचं अंतर चार मिलिमीटर. सुरेख. डावीकडे तीनशे चाळीस.

तो बराच वेळ त्या तीनशे चाळीसकडे बघत राहिला. एक माणूस अंग चोरून उभा राहिला तर मावेल, एवढी जागा होती.

"मावशींचा हात जरा सैल पडला असेल," तो मोठ्याने म्हणाला. ऐकणाऱ्या कोणालाच बोलता येत नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदाच एक माप न लिहिता त्याने वही मिटली आणि बोळातून बाहेर पडला, घाईने, पण पळत नाही.

दवाखान्यातल्या त्या शिकवणीच्या दिवशी सकाळी अकरापासून साडेअकरापर्यंत तो तळमजल्यावर, जिन्याखालच्या नळापाशी, पाण्याचा पाइप आखूड का आणला म्हणून प्लंबरशी भांडत होता.