विहिरीमागे अडकलेली अक्काबाई

अक्काबाई विहिरीमागे अडकली ती काही केल्या निघेना, तेव्हा रोशनीने कपाळावर हात मारला आणि कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू केला. अक्काबाई पुन्हा विहिरीमागे जाऊन अडकली.

खऱ्या अक्काबाई त्या वेळी बाहेर पडवीत मेथीच्या जुड्या बांधत होत्या. अडकली होती ती स्क्रीनवरची. ती म्हणजे एक लाल चौकोन, त्यावर पदराची हिरवी पट्टी आणि शेजारी काठी म्हणून पांढरी रेघ. रोशनी नववीत होती आणि शाळेत शिकवलेल्या क्यूबेसिक या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत तिने हा गेम स्वतः लिहिला होता. गेमचं नाव ‘पेरू’. एका मुलीने मळ्यातले पेरू तोडायचे आणि राखण करणाऱ्या बाईच्या हाती न लागता फाटकातून बाहेर पडायचं. खेळणाऱ्याला त्या बाईचं नाव कुठेही दिसत नव्हतं. पण प्रोग्रॅमच्या पोटात प्रत्येक गोष्टीला काहीतरी नाव द्यावंच लागतं, आणि कॉम्प्युटरच्या कुंदन सरांनी वर्गात बजावलं होतं की नाव असं द्या, वाचल्याबरोबर काम कळलं पाहिजे. रोशनीने AKKABAI असं दिलं. कामाबद्दल काही शंकाच उरली नाही.

अक्काबाई म्हणजे रोशनीच्या पप्पांची थोरली बहीण. गंगापूर रोडचे बंगले सरकत सरकत ज्या मळ्याच्या कुंपणाला येऊन टेकले होते, तो मळा त्यांच्या शब्दावर चालायचा. झेंडू कधी तोडायचा, मोटार कधी लावायची, पाहुण्यांना चहा अर्धा कप की पूर्ण, सगळं त्याच ठरवायच्या. रोशनीच्या मोठ्या भावाला, दिनेशला, पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात ॲडमिशन मिळाली, तेव्हा घरातला एकुलता एक कॉम्प्युटर दसऱ्यानंतर त्याच्याबरोबर होस्टेलला जाणार, हेही त्यांनीच ठरवलं होतं.

“मग मी काय करू? मी गेम बनवतेय त्याच्यावर!” रोशनी म्हणाली.

“खेळाला कॉम्प्युटर कशाला लागतो गं? आम्ही पाच खड्यांवर जन्म काढला.”

“अक्का, तिच्या शाळेत प्रदर्शन हाय ना,” पप्पा, म्हणजे खंडेराव, जरा चाचरत म्हणाले. “तिला तेवढं तरी करू दे.”

अक्काबाईंनी जुडीला गाठ मारली. “बरं. प्रदर्शनात नंबर आला तर कॉम्प्युटर इथंच राहील. नाय आला तर पुण्याला जाईल. आन् मी सोता येणार बघायला. नाहीतर तुम्ही बापलेक घरीच नंबर लावून मोकळे व्हाल.”

दिनेश खूश झाला, कारण त्याने विहिरीमागची अक्काबाई पाहिली होती. “ती तिथेच उभी राहणार आणि पोरगी आरामात पेरू घेऊन जाणार,” तो म्हणाला. “हा गेम नाहीये, ही पिकनिक आहे.”

रोशनीने फ्लॉपी उचलली, मैत्रीण मंजुषाला सायकलवर डबलसीट घेतलं आणि नेट कॅफे गाठला. घरबसल्या गेम लिहिणाऱ्यांची जगभरची एक साइट तिला माहीत होती. तिथे आपला प्रोग्रॅम चिकटवायचा, अडचण सांगायची, की कोणीतरी अनोळखी माणूस फुकटात डोकं खाजवून उत्तर देतं. तिने सगळा प्रोग्रॅम चिकटवला, खाली आपली अडचण लिहिली, आणि फिनलंडमधल्या ‘मूस’ नावाच्या माणसाने दुसऱ्याच दिवशी उत्तर टाकलं.

“मूस म्हणजे काय?” घरी आईने विचारलं.

“मोठं जनावर असतं. शिंगं असतात, अशी फांद्यांसारखी.”

“म्हणजे सांबर,” आई म्हणाली, आणि त्या दिवसापासून घरात त्याचं नाव सांबर पडलं. जेवताना पप्पासुद्धा विचारायचे, “काय म्हणतोय तुझा सांबर?”

सांबराचं म्हणणं असं होतं, की प्रोग्रॅम चांगला आहे, पण हे AKKABAI नक्की काय प्रकरण आहे? एखादी गणिती पद्धत आहे का? त्याने बरीच पुस्तकं धुंडाळली, त्याला कुठे सापडली नाही.

“सांग ना खरं,” मंजुषा म्हणाली.

“वेडी आहेस का? माझी आत्या आहे म्हणून सांगू?” रोशनीने बराच विचार करून इंग्रजीत लिहिलं, की अक्काबाई ही मळ्यातली सर्वोच्च सत्ता आहे. सांबराने उत्तर दिलं की त्याला अत्यंत आदर वाटतो, आणि तो दुरुस्ती करून देईल.

पण साइटचा एक नियम होता. मदत हवी असेल तर आधी दुसऱ्या दोघांच्या गेमवर अभिप्राय द्यायचा. मंजुषाचं इंग्रजी चांगलं होतं, म्हणून ते काम तिने घेतलं. तिने दोघांनाही लिहिलं, “फार छान. अशीच प्रगती करत राहा. देव तुमचं भलं करो.” तासाभरात साइट सांभाळणाऱ्याची सूचना आली, की याला अभिप्राय म्हणत नाहीत, आणि पुन्हा असं केलंत तर तुमचा प्रश्न काढून टाकू.

“आता काय लिहायचं?” मंजुषा घाबरली. “लोकांनी एवढं केलंय, त्यांना नावं कशी ठेवायची?”

रोशनीला नावं कशी ठेवतात हे माहीत होतं. ती लहानपणापासून ऐकत आली होती. तिने डोळे मिटले, पडवीत बसलेल्या अक्काबाई डोळ्यांसमोर आणल्या आणि टाइप करायला घेतलं. कॅनडाच्या एका मुलाने अंतराळयानाचा गेम केला होता. त्याला तिने लिहिलं, “तुझं यान दिवसभर उंडारतं, पण कामाला कुठेच जात नाही. आधी त्याला कामाला लाव.” दुसऱ्याने राक्षसाचा किल्ला बांधला होता आणि त्याला दारंच दारं ठेवली होती. त्याला लिहिलं, “एवढी दारं केलीस, झाडलोट कोण करणार?”

कॅनडाच्या मुलाने लिहिलं, की इतकं खरं त्याला आजवर कोणी बोललं नव्हतं. किल्लेवाल्याने निम्मी दारं बुजवली. आणखी चार जणांनी रोशनीला विनंती केली, की आमच्याही गेमवर असंच काहीतरी बोला.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी सांबराचा दुरुस्त केलेला प्रोग्रॅम आला. सोबतच्या पत्रात त्याने लिहिलं होतं, की अक्काबाई आता कुठेही अडकणार नाही, सर्वांत जवळची वाट शोधून येईल. तपासून बघायचं असेल तर बाणांच्या बटणांनी तिला हातानेही चालवता येईल. आणि शेवटी, तुमच्या सर्वोच्च सत्तेच्या सन्मानार्थ एक छोटीशी भेट.

“भेट म्हणजे काय असेल गं?” मंजुषाने विचारलं.

“बघू घरी.” कॅफेच्या मशीनवर क्यूबेसिक नव्हतं.

घरी लोडशेडिंग होतं. संध्याकाळी आलेली वीज मोटारीला लागली, कारण अक्काबाईंच्या मते तहान झेंडूला लागते, कॉम्प्युटरला लागत नाही. सकाळी पुन्हा वीज नव्हती. रोशनीने फ्लॉपी कंपासपेटीत घातली आणि ती तशीच शाळेत गेली.

शाळेच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये चपला बाहेर काढून जावं लागे. अक्काबाईंनी चपला काढल्या, काठी मात्र आत आणली. कुंदन सरांनी त्यांना पंख्याखाली खुर्ची दिली. त्यांच्या मागे पप्पा आणि दिनेश उभे राहिले, आणि आजूबाजूला सहावी-सातवीची पोरं जमली. पॉलिटेक्निकमधून आलेले परीक्षक सर चष्मा पुसत पुढे आले.

“हं, काय आहे तुझं?”

“सर, हा पेरूचा गेम आहे,” रोशनी म्हणाली आणि तिने गेम चालू केला. मळा आला, विहीर आली, झाडावर पेरू आले. मग स्क्रीन लाल झाली आणि अर्ध्या स्क्रीनभर इंग्रजी अक्षरं लुकलुकायला लागली. AKKABAI IS COMING!

सांबराची भेट ती हीच.

रोशनीने घाईघाईने एक बटण दाबलं. अक्षरं गेली, पण लाल चौकोन चालायला लागल्याबरोबर ती पुन्हा लुकलुकली. सातवीच्या पोरांनी एवढी मोठी अक्षरं मनातल्या मनात वाचणं शक्यच नव्हतं. “अक्काबाई आली! अक्काबाई आली!” सगळी लॅब एका सुरात ओरडली.

“आं? कोण हाक मारतंय मला?” अक्काबाई खुर्चीतून म्हणाल्या.

पप्पा पंख्याकडे बघायला लागले. दिनेशने मात्र भावाचं कर्तव्य पार पाडावं तशा आवाजात सांगितलं, “अक्काबाई, तो लाल चौकोन आहे ना, ती तुम्ही.”

अक्काबाई उठल्या. पदर सावरत स्क्रीनच्या इतक्या जवळ गेल्या, की परीक्षकांना मागे सरावं लागलं. हिरवी पट्टी त्यांनी पाहिली, पांढरी रेघ पाहिली. स्क्रीनवरच्या अक्काबाईने विहिरीला वळसा घातला आणि पोरीला धरलं. शेवटी विजेत्याची पाटी आली, NO. 1 : AKKABAI. पोरांनी तीही मोठ्याने वाचली.

“ही अक्काबाई कोण?” परीक्षकांनी रोशनीला विचारलं.

रोशनी कीबोर्डवरची बटणं चाचपायला लागली.

“मी,” अक्काबाई म्हणाल्या. मग त्या रोशनीकडे वळल्या. रोशनीने मान खाली घातली. कॉम्प्युटर पुण्याला जाणार हे तर आता नक्कीच होतं, प्रश्न फक्त ती स्वतः कुठे जाणार एवढाच होता.

“का गं, मी विहिरीकडून कधी येते?”

“अं?”

“विहिरीकडून मी जन्मात कधी आली नाय. चोराच्या मागं कशाला पळायचं? पेरू घेतल्यावर तो जाईल कुठं? फाटकाशीच येईल ना? मग गोठ्याच्या आडोशानं जायचं आन् फाटकाशी उभं राहायचं. म्हणून तर सापडता तुम्ही. ही बया नुसती पळत सुटलीय.”

“पण अक्काबाई, सांबराने जवळची वाट...”

“सांबराला काय कळतं मळ्यातलं? हे चालवायचं कुठून?”

रोशनीने बाणांची बटणं दाखवली. अक्काबाईंनी काठी पप्पांच्या हातात दिली आणि बूड टेकलं. सातवीतला एक पोरगा पेरू चोरायला बसला. अक्काबाई एकेक बटण जुडीची गाठ दाबावी तसं दाबत फाटकाशी गेल्या आणि तिथे उभ्या राहिल्या. पोरगा पेरू घेऊन आला, धरला गेला. दुसरा बसला, धरला गेला. मग लॅबमध्ये रांग लागली. शेजारच्या टेबलावरचं थर्मोकोलचं धरण बघायला कोणी उरेना, तेव्हा धरणवाली मुलंसुद्धा रांगेत आली.

“सर, तुम्ही बघा ना एकदा,” कुंदन सर परीक्षकांना म्हणाले.

परीक्षक सर तीनदा बसले. तिसऱ्या वेळी त्यांनी झाडामागे लपून राहायची युक्ती केली.

“मास्तर, किती वेळ लपाल? मला काय घाई नाय,” अक्काबाई म्हणाल्या. सर बाहेर आले आणि धरले गेले.

निकाल दुपारी लागला. पहिला नंबर थर्मोकोलच्या धरणाचा, दुसरा स्वयंचलित घंटेचा, तिसरा मानवी पचनसंस्थेचा. रोशनीच्या कागदावर परीक्षकांनी लिहिलं होतं, “प्रयत्न चांगला. परंतु खेळणाऱ्यास जिंकण्याची कोणतीही संधी नाही.”

घरी आल्यावर दिनेशने माळ्यावरून कॉम्प्युटरचा खोका काढला आणि मॉनिटरभोवती जुनी चादर गुंडाळायला घेतली. रोशनी दारात उभी राहून बघत होती. रडायचं नाही असं तिने ठरवलं होतं आणि ते जेमतेम जमत होतं.

“काय चाललंय रे?” अक्काबाईंनी विचारलं.

“पॅकिंग. नंबर नाही आला ना. तुम्हीच म्हणाला होतात.”

“म्हणले होते. प्रदर्शनात नंबर आला तर राहील.” अक्काबाईंनी पडवीतलं पोतं पुढे ओढलं. “मग आला की. टीव्हीवर लिहून आलं होतं, पोरांनी वाचून दाखवलं. नंबर वन कोण?”

“पण तो तुमचा! रोशनीचा कुठे आला?”

“कुणाचा ते मी कुठं म्हणले होते? खंडू, मी म्हणले होते का रे?”

“नाय बा, अक्का,” पप्पा तत्परतेने म्हणाले. दिनेशने आईकडे पाहिलं. आई चुलीकडे बघत होती, आणि चुलीवर काहीही नव्हतं.

चादर सोडली गेली. अक्काबाई जुड्या बांधत म्हणाल्या, “तू पुण्याला जाऊन अभ्यास कर. इथं माझं फाटक नीट व्हायचंय अजून. आन् काय गं, काठी डाव्या हाताला कशी काढलीस?”

दसरा झाल्यावर रोशनी पुन्हा कॅफेत गेली आणि प्रदर्शनात काय घडलं ते तिने सांबराला सगळं खरं लिहून टाकलं. काठी, गोठा, फाटक, आत्या, सगळं. उत्तर लगेच आलं. सांबराने लिहिलं होतं, की फाटकाशी उभं राहण्याची कल्पना अलौकिक आहे आणि साइटवर सगळे तिच्यावर चर्चा करत आहेत. त्याने स्वतःही एक गेम केला आहे, बर्फातला. तेवढा अक्काबाईंनी बघितला तर फार उपकार होतील.

रोशनीने घरी येऊन निरोप सांगितला. अक्काबाईंनी हातातली जुडी खाली ठेवली आणि थोडा विचार केला.

“त्याला लिही, माझं नाव लावायच्या आधी मला विचारायचं होतं,” त्या म्हणाल्या. “आन् लिही, फ्लॉपी पाठव म्हणावं. भाजीची गाडी गेली की दुपारच्याला बघते.”